देवीची बाजू

माझ्या सासूबाईंच्या अंगात दर मंगळवारी देवी येते. त्यावर बातमी करायला एकदा बारामतीहून एक पत्रकार आमच्या कळस गावी आला. नाव सांगितलं असेल, पण लक्षात राहिला तो चष्मा. न पटणारं काही ऐकलं, की तो काढून शर्टानं पुसायचा. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर फारसा राहिलाच नाही. आता पेपरात आमचं हसं होणार, असं मी धरूनच चालले.

"अंगात देवी येते, असं तुम्ही लोकांना सांगता?" त्यानं विचारलं.

"मी कुठं सांगती? ती सांगती," सासूबाई म्हणाल्या. "मला तवा काय कळत न्हाय."

त्याचं पेन थांबलं. मग ओशाळून मला म्हणाला, "जिच्याविषयी लिहायचं, तिची बाजू ऐकावीच लागते. मला देव पटत नाही, म्हणून नियम बदलत नाही. देवी कधी भेटेल?"

"मंगळवारी."

मंगळवारी तो खरंच आला आणि बायकांच्या मागं मांडी घालून बसला. देवी घुमत घुमत थेट त्याच्यासमोर आली.

"जेवलास का रं?"

"न्हाय," तो म्हणाला. तोवर आमच्याशी तो पुस्तकी बोलत होता. नंतर पडवीत बसून त्यानं पोटभर पिठलं-भाकरी खाल्ली.

रविवारी बातमी आली. 'देवी खरी की खोटी, हे प्रस्तुत वार्ताहराला ठरवता आले नाही. आलेल्याला उपाशी जाऊ देत नाहीत, हे मात्र खरे.'

मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "पिठलं कसं झालं हुतं, त्ये न्हाय लिवलं व्हय?"