आबांच्या घरची बाळंतीण

ये, अशी जवळ बस. आणि आधी ते कान बांध बघू! पौषातल्या गारठ्यात बोडक्या डोक्याने हिंडतेस, आमचे आबा असते तर त्यांनी स्वतःचा मफलर काढून तुला गुंडाळलं असतं. दुसऱ्याची थंडी आपल्या अंगात वाजवून घेणारा असा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही.

आबा म्हणजे माझे मामेसासरे. अमळनेरजवळ राहायचे, गाढवीवरून वीटभट्टीला माती वाहायचे. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. एसटीत चढले की आधी साऱ्या खिडक्या लावत, मग तिकीट काढत. तुळशीला हिवाळ्यात कोमट पाणी. शेतातल्या बुजगावण्यालासुद्धा त्यांनी मफलर बांधला होता. का, तर बिचारं वाऱ्यात उभं असतं!

अशा माणसाची गाढवी ऐन थंडीत व्याली. मी तेव्हा नवी सून, शेजारच्याच घरात. सकाळी बघते तर शिंगराचं बाळंतपण सुरू! तिळाच्या तेलात लसूण-ओवा कढवून मालिश चाललेली, भरिताची वांगी भाजायला जपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या शेगडीत घालून शेक, वर ओव्याची धुरी. माझ्या जुन्या लुगड्याची कुंची शिवलेली आणि कानांसाठी तिला दोन लांब खोळी. शेजारच्या अक्का ओट्यावरून ओरडल्या, "आबा, बारशाच्या घुगऱ्या कधी?"

आबा शांतपणे म्हणाले, "सव्वा महिना तं होऊ दे, बठ्ठासले बलावसू!"

सगळ्यांना बोलावणार म्हणे! हसून हसून आमचं पोट दुखलं. पण शिंगरू आईजवळ नेलं, तर गाढवीने हुंगलं आणि लाथ झाडली. पुन्हा नेलं, पुन्हा लाथ. दुपार कलली तरी पोटात दुधाचा थेंब नाही. शिंगराने मान टाकली. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. "जगी ना वं माय?" त्यांनी मला विचारलं, आणि मी हसायचं सोडून पुढे झाले.

मी वाकले तर शिंगराला आमच्या जाऊबाईंच्या बाळंतपणाच्या खोलीसारखा वास. असल्या वासाचं पोर गाढवीला आपलं कसं वाटणार? मी म्हटलं, "अहो आबा, बाळाला शेक दिलात, बाळंतिणीला दिलात का?"

आबांनी कपाळावर हात मारला. "माय वं! बाळंतीण तं तशीच ऱ्हायनी!"

मग काय, तेच तेल गाढवीच्या नाकाला, पाठीला, पोटाला. तीच धुरी. वर एक डिंकाचा लाडू, तो तिने कागदासकट खाल्ला. कुंची काढून शिंगरू पुढे केलं. गाढवीने त्याला हुंगलं, मग स्वतःचं अंग हुंगलं, पुन्हा त्याला. आणि मुकाट उभी राहिली. शिंगरू चुटुचुटु पिऊ लागलं तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "डोयामा धूर गया." डोळ्यांत धूर म्हणे, आणि शेगडी तर केव्हाच विझली होती.

तेच शिंगरू पुढे मोठी गाढवी झाली. आबा थकले, तेव्हा सकाळी ओट्यावर उन्हाला बसत आणि ती येऊन वाऱ्याच्या बाजूला आडवी उभी राही. हाकललं तरी हलत नसे. तिला कुणी शिकवलं, देव जाणे.

आता त्या ओट्यावर मीच बसते बाई. ऊन छान येतं, पण वाऱ्याची बाजू मोकळी आहे. थंडी सरायच्या आत पुन्हा ये. भरीत करीन. आणि कान बांधून ये!