दुसऱ्या बाजूचे बुडबुडे

प्रयोगशाळेच्या भट्टीतून धानाच्या कोंड्याचा करपट वास आला की मला फुलचूरचं घर आठवतं. राईस मिलची धूळ खाऊन खाऊन बाबांची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर. त्यांच्याच मिलच्या कोंड्यापासून मी ग्राफीनचे दोन इलेक्ट्रोड बनवले होते. ते दाखवायला घरी आणले, ग्लासभर पाण्यात बुडवले आणि बॅटरी जोडली. दोन्हींवर बुडबुडे चढू लागले. "इकडून हायड्रोजन निघतो, तो आम्ही साठवतो," मी सांगितलं. "अन् तिकडून?" "ऑक्सिजन. तो हवेत सोडून देतो." बाबा कितीतरी वेळ सिलिंडरकडे बघत राहिले. मग धापा टाकत म्हणाले, "कायले सोडून देता वो बाई?" आता बाबा नाहीत. मी अजूनही हायड्रोजनच साठवते.