सबवूफर दिवाणाखाली कसा गेला

गेल्या आठवड्यात उरकलेल्या कामाची गोष्ट. वसमतला एका शेठच्या नव्या घरात होम थिएटर बसवायचं काम होतं आणि मी त्यात एक चूक केली... चूक माझीच, हे आधीच सांगून टाकतो.

मी एका जागी टिकत नाही. कनेरगाव नाक्याला धाब्यावर होतो, मग इकडच्याच गोरेगावच्या जीपवर किन्नर, म्हणजे क्लीनर. सध्या सलीमभाईंच्या हाताखाली आहे. लाइट फिटिंगपासून साउंड सिस्टिमपर्यंत सगळं बसवणारा माणूस. हात सोन्याचा, तोंड तिखट.

शेठचा हळदीचा व्यापार. त्यांची अट एकच होती, "आवाज आला पाहिजे, पण यंत्र दिसलं न्हाई पाहिजे. पाहुणा हुडकत बसला पाहिजे!"

म्हणून टीव्ही सरकत्या लाकडी पॅनलमागे. स्पीकर पीओपीच्या छतात, त्यांच्या जाळ्यांना छताचाच रंग. अ‍ॅम्प्लिफायर जिन्याखालच्या कपाटात. रिमोटसाठी पॅनलच्या कडेला हरभऱ्याएवढा सेन्सर, बस. राहिला सबवूफर, म्हणजे छातीत धमक देणारा तो मोठा डबा. तो टीव्हीखालच्या कपाटात जायचा होता...

त्याच्या वायरचा पाइप भिंतीत टाकायचं काम माझ्याकडे होतं, प्लास्टर व्हायच्या आधी. नेमकं तेव्हाच रस्त्यानं मेंढ्यांचा कळप चालला होता. एवढ्या मेंढ्या, वर घोड्यावर बांधलेल्या कोंबड्या, एक पिल्लू तर म्हाताऱ्या मेंढपाळाच्या कोटाच्या खिशात. मी बघत बघत पार वळणापर्यंत गेलो. परत आलो आणि पाइप टीव्हीच्या समोरच्या भिंतीत टाकून मोकळा झालो. वर गवंड्यानं प्लास्टर केलं, रंग झाला.

आता अण्णांबद्दल सांगतो. शेठचे वडील. हळद पॉलिश करायच्या ड्रमापाशी जन्म गेला, त्या खडखडाटात कान गेले. कानाचं मशीन आणलंय, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवतात. तरुणपणी गावच्या भजनात पखवाज वाजवायचे.

त्यांचा एक जुना टीव्ही होता, डब्बा टीव्ही. रोज संध्याकाळी सहाला कीर्तन लागलं की त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि तळहात डब्यावर ठेवायचे. पखवाज त्यांना हातातून ऐकू यायचा. दिवसभरात कुणाशी फार बोलणं नाही, तेवढा एक तास त्यांचा.

नव्या घरात तो डब्बा शोभत नाही म्हणून भंगारवाल्याला गेला. शेठचा हेतू वाईट नव्हता. मोठा स्क्रीन, मोठा आवाज, अण्णांना चांगलंच दिसेल, असं त्यांना वाटलं.

आम्ही टीव्हीवर कीर्तन लावून छतातले स्पीकर टेस्ट करत होतो, तर अण्णा भिंतीला हात लावत लावत हॉलभर फिरताना दिसले. पॅनल चाचपलं, कपाट चाचपलं, खिडकीच्या काचेलासुद्धा हात लावून बघितला.

मी जवळ जाऊन खुणेनं विचारलं, काय शोधून राहिले?

"पखवाज," म्हणाले. "चित्रात दिसून राहिला. हाताला न्हाई."

मी हे शेठला सांगितलं. ते म्हणाले, "हेडफोन आणू एखादा." पण बहिऱ्या माणसाला हेडफोन काय कामाचा...

दुसऱ्या दिवशी सबवूफर जोडायला घेतला आणि माझं बिंग फुटलं. टीव्हीच्या बाजूला वायरच नाही! परवावर वास्तुशांत, भिंत फोडायची सोय नाही.

"मियाँ, तेरा ध्यान किधर रहता रे?" सलीमभाई कडाडले. "मेंढ्या राखायला जा तू!" (मेंढ्यांचं त्यांना कुणी सांगितलं, कळलं नाही.)

त्यांनी भिंतीवरून पट्टी टाकून वायर न्यायचं ठरवलं. शेठ म्हणाले, पट्टी दिसंल, चालणार न्हाई. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "वायर निघाली तिथं अण्णांचा दिवाण आहे. त्याच्या खाली ठेवला तर? दिसणार पण न्हाई."

"येडा हाय का तू? म्हाताऱ्या माणसाला खालून दणके देतो काहून?" शेठ भडकले.

"त्यांना दणकेच पाहिजेत, शेठ. काल तेच हुडकत व्हते."

मग सलीमभाई हळूच म्हणाले, "लावून बघू. तकलीफ झाली तर काढू." दिवाणाच्या पुढच्या फळीला भोकं पाडली, आतून कापड लावलं, डबा खाली सरकवला.

सहाला कीर्तन लावलं. अण्णा दिवाणावर टेकले, सवयीनं हात लाकडी कडेवर. पखवाज सुरू झाला तसे दचकले. वाकून खाली बघितलं, काहीच दिसेना. मग तळहात नीट पसरून ठेवला... आणि थोड्या वेळानं बोटं चालायला लागली.

आम्ही तिघं बाजूला उभे. पाचेक मिनिटांनी अण्णांनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं, झालं, आता काढावा लागतो.

"पखवाजवाला घाई करून राहिला," अण्णा म्हणाले.

शेठ हसले. मग जाऊन अण्णांच्या शेजारी बसले आणि स्वतःचा हात कडेवर ठेवला. बराच वेळ तसेच बसून होते. आम्ही पसारा आवरला.

वास्तुशांतीला पाहुण्यांनी खरंच यंत्र हुडकलं, कुणाला सापडलं नाही. अण्णा मात्र ज्याला त्याला हाताला धरून दिवाणापाशी नेत होते, "इथं ठेव, इथं."

सलीमभाईंनी मला अजून काढलेलं नाही. शेठ शाबासकी देतात, पण ती घ्यायला मला लाज वाटते, कारण पाइप चुकला तेव्हा माझ्या डोक्यात अण्णा नव्हतेच, ते खिशातलं पिल्लू होतं. तो मेंढ्यांचा कळप परत त्या रस्त्यानं आला, तर थांबवून त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला चहा पाजायचाय.