डावी तांबूस, उजवी चंदेरी

माझ्या पापण्या चांगल्या आहेत हे मला चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कळलं. तोवर त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. बघायला येणारी मंडळीसुद्धा नाही, आणि त्यांना तर पापण्यांखेरीज दुसरं काही दिसतच नसे. मी मान खाली घालून पोह्यांच्या बशा ठेवायची आणि मान खाली घालूनच आत जायची. "मुलगी वळणाची आहे," असं म्हणून ती मंडळी निघायची आणि आठवड्याभरानं पत्रिका जुळत नसल्याचं कळवायची.

बी.एस्सी. होऊन मी घरीच होते. पावडर, कुंकू, नेलपॉलिश करणाऱ्या एका लहान कारखान्याला लॅबमध्ये मुलगी हवी होती. इंग्रजी लिहिता येणारी असावी, एवढीच अट. मी इंग्रजी शाळेतली. तिथं मला इंग्रजी लिहायला शिकवलं होतं. बोलायला कुठल्याच भाषेत नाही. बाबा म्हणाले, "स्थळ ठरेपर्यंत जा." कारखान्याचे मालक म्हणाले, "तीन महिने बघू." म्हणजे दोन्हीकडं मी तात्पुरती होते. मला मात्र ते काम हवं होतं. का हवं होतं, हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. घरी राहिलं की पोह्यांच्या बशा होत्या.

शहरात तेव्हा दोनच विषय होते. कुठल्या कारखान्यात भरती निघाली, आणि विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही. आमच्या गारखेड्यातल्या घरात पहिल्या विषयावर ओट्यावर बसून बोलत आणि दुसऱ्यावर दार लावून. बाबा सरकारी कचेरीत होते. शेजारचे काका आले की बाबा माझ्याकडं बघून म्हणायचे, "चहाचं बघ जरा." मी चहाचं बघायची. स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

मी लागले तेव्हा मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं परदेशातली एक चपटी डबी आणून दिली होती. तिच्यावर 'टॉपर' असं छापलेलं. आमचे केमिस्ट साहेब ती खिडकीपाशी धरून बराच वेळ फिरवत राहिले. "आयशॅडो लावून झाली की तिच्यावर लावायची ही. हिला स्वतःचा रंग जवळपास नसतो. नुसती चमक." ती चमक अभ्रकाची असते. अभ्रकाची अगदी बारीक भुकटी, तेलाचा हात आणि चिमूटभर रंग, एवढ्यावर आम्ही कामाला लागलो.

तपासायच्या गोष्टी तीन. रंग कसा दिसतो, खालच्या रंगात मिसळते का, आणि दिवसभर टिकते का. रंग कागदावर पाहता येतो, मिसळणं मनगटावर. टिकणं मात्र पापणीवरच कळतं, कारण पापणी दिवसभर मिटते, उघडते आणि घामेजते. साहेबांना पापणी हवी होती. त्यांची स्वतःची जाड चष्म्यामागं होती.

पॅकिंगच्या बायकांनी साफ नकार दिला. त्यांची सुपरवायझर करमाडहून यायची. घरी मेंढरं होती, दोन एकर कोरडवाहू होतं, आणि तोंड मोकळं होतं.

"मी नाय बा लावणार. म्हातारा म्हणंल, सून कारखान्यात जाते म्हणून गेली अन् तमाशात निघाली."

"अहो, सायंकाळी धुऊन टाकायचं," साहेब म्हणाले.

"तुमच्या मिसेसला लावा की मग."

साहेबांनी हा मुद्दा पुढं नेला नाही. ते माझ्याकडं वळले. "तुम्ही नाहीतरी खालीच बघता," ते म्हणाले. "पापणी पूर्ण दिसते. आम्हाला सोयीचं."

माझ्या स्वभावाचा कुणाला उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

पद्धत अशी होती. सकाळी दोन्ही पापण्यांवर एकच साधी तपकिरी आयशॅडो, तिच्यावर डावीकडं एक नमुना आणि उजवीकडं दुसरा. घाम एकच, ऊन एकच, म्हणजे तुलना खरी. दर दोन तासांनी मी डोळे मिटून स्टुलावर बसायची आणि साहेब वा सुपरवायझर बघून सांगायचे. साहेब सांगायचे, "कडेला चिकटलीय, मधे उडालीय." सुपरवायझर सांगायची, "डावा डोळा लगीनघरचा अन् उजवा सुतकातला." मी वहीत दोन्हीचं इंग्रजी एकच करायची. पाच वाजता खोबरेल तेल आणि साबणानं पुसून बसमध्ये बसायची. लॅब म्हटलं की बाबांच्या डोळ्यांपुढं परीक्षानळ्या यायच्या. त्या होत्याही. फडताळावर होत्या.

बरेच नमुने वाया गेले. एक मिसळेचना, बोट फिरवलं की ठिगळासारखी बाजूला व्हायची. एक गालावर उतरली. एक सावळ्या पापणीवर राखेसारखी दिसली. ती साहेबांना माझ्यावर कळली नव्हती, मिक्सिंगच्या मुलीवर कळली. ती माझ्याच वयाची. अभ्रक घोटून घोटून तिच्या भुवया, कानाच्या पाळ्या सगळं चमकायचं. ती मुकुंदवाडीला राहायची. एकदा घोटता घोटता तिनं सांगितलं, की नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जाळलं, म्हणून ते शहरात आले. आवाज न बदलता सांगितलं आणि विचारलं, "आता तेल टाकू का?" मी हातातल्या डबीकडं बघत म्हणाले, "टाक." पुढं बरेच दिवस मला दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं असं वाटत राहिलं. 

शेवटी दोन नमुने उरले. एक तांबूस, एक चंदेरी. व्यापाऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. त्याच्यापुढं एकच ठेवायचा होता. सकाळी नऊला माझ्या डाव्या पापणीवर तांबूस गेली, उजवीवर चंदेरी. दुपारी निरोप आला की शहरात बंद पुकारलाय, मोर्चा निघालाय, बस सुटणार नाही, सगळ्यांनी घर गाठा.

मी तेलाची बाटली घेतली. साहेबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"आज शेवटचं बघणं सहाला ठेवलंय, ते राहिलंय."

"पण मी घरी..."

"घरी आरसा असेल ना? आत्ता पुसलं तर उद्या मी त्या माणसाला काय सांगू, बंद होता म्हणून? हे नीट झालं तर मी मालकांना तुमच्या कायम होण्याचं बोलतो."

तो अर्धा दिवस मला फार महाग पडणार हे दिसत होतं. वातावरण बरं नाही, असं बाबा आठवडाभर म्हणत होते. त्या वाक्याचा शेवट कुठं होतो हे मला माहीत होतं. त्यात आता मी एक डोळा तांब्याचा आणि एक चांदीचा घेऊन जाणार.

सुपरवायझर मालकांच्या टेम्पोतून करमाडकडं निघाली होती. जाता जाता तिनं माझी हनुवटी धरून वर केली. "ऐका मॅडम. मान वर ठिवा अन् डोळे टक्क उघडे ठिवा. पापणी आत जाती. कुणाला काय दिसतंय? खाली बघितलं की मेलात."

मिक्सिंगची मुलगी आणि मी जालना रोडनं चालत निघालो. दुकानांची शटर्स खाली होती. रस्ता इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. खरं तर मी रस्त्याचा फक्त खालचा भागच पाहिला होता. आता मी सगळं बघत होते. पाट्या, गच्च्या, पोलिसांची गाडी, गाडीतले पोलीस. त्यांतल्या एकानं माझी नजर चुकवली. पुरुषाला नजर चुकवताना मी प्रथमच पाहत होते. डोळे मिचकावायचे नाहीत म्हणून ताणले होते, आणि वारा समोरून होता.

मुकुंदवाडीच्या नाक्यावर रस्त्यात दगड मांडले होते. बाजूला टायर धुमसत होतं. निळे झेंडे घेतलेली दहा-बारा पोरं उभी होती. मिक्सिंगच्या मुलीचा भाऊ त्यांच्यात होता. तो पुढं आला आणि माझ्याकडं बघून थांबला.

"हिला काय झालं गं?"

"काय नाय. कामावरची हाय माझ्या. जाऊ दे."

"रडतीया ती."

खरंच गालांवरून पाणी वाहत होतं. टायरचा धूर होता, वारा होता, आणि मी डोळे मिटत नव्हते.

"ताई, रडू नका. तुम्हाला इथं कुणी काय करणार नाय," तो म्हणाला.

मागून एकानं विचारलं, "कुठल्या हो तुम्ही? गारखेड्याच्या? मग विरोधातल्याच असणार."

"ए, तू गप ना," मिक्सिंगची मुलगी म्हणाली.

"विचारू तरी दे. नामांतर व्हावं का नाय, ताई?"

असा प्रश्न आला की मी पायांकडं बघते आणि लोक आपल्याला हवं ते उत्तर गृहीत धरतात. ही सोय त्या दिवशी नव्हती. मी त्याच्याकडं बघत होते आणि तो माझ्याकडं, आणि ते बघणं संपत नव्हतं. माझं उत्तर काय आहे हे मला चांगलं माहीत होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

"व्हायला हवं," मी म्हणाले. "आधीच व्हायला हवं होतं."

तो जरा गोंधळला. त्यानं वादाची तयारी केली असावी. "मग ठीक आहे," म्हणाला आणि एक दगड पायानं बाजूला सारला. खरं तर मी दगडाला वळसा घालूनही गेले असते. मिक्सिंगची मुलगी नाक्यावर वळली. वळताना म्हणाली, "तांबूस जरा सरकली गं घडीत." दुसरं काही म्हणाली नाही, पण माझा हात दाबून गेली. तिच्या हाताची चमक माझ्या मनगटावर राहिली.

घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर होते. कचेऱ्या लवकर सुटल्या होत्या. शेजारचे काका मला नाक्यावर पाहून स्कूटरवरून गल्लीबोळांतून माझ्या आधी पोचले होते, हे बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाक्यावर कुणाशी बोलत होतीस?"

"कामावरच्या मैत्रिणीचा भाऊ."

"काय म्हणत होता?"

"नाव द्यावं का, विचारत होता."

"मग?"

"द्यायला हवं म्हणाले."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. ते काय बोलणार आहेत ते मला ठाऊक होतं. एक तारखेपासून जायचं नाही, हे वाक्य घरात आठवडाभर फिरत होतं. बाबांना ते माझ्या भांगाला उद्देशून म्हणायची सवय होती. भांग दिसत नव्हता. मी त्यांच्याकडं बघत होते, लाल झालेल्या, पाण्यानं भरलेल्या, न मिटणाऱ्या डोळ्यांनी. मला कुणाला आव्हान द्यायचं नव्हतं. मला पापण्या लपवायच्या होत्या. पण बाबांना ते कसं कळणार?

"एवढं रडण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले.

मी डोळे तसेच उघडे ठेवले.

"कामावर जायचंच म्हणतेस?"

"हो."

बाबांनी दारातून आतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तिथं त्या महिन्याखेरीज काही नव्हतं. "उद्या बस येणार आहे का, की मी सोडायचं?" त्यांनी विचारलं.

"येईल," मी म्हणाले आणि आत गेले. आनंद झाला होता, पण तो मिटलेल्या डोळ्यांनी उपभोगायची सोय नव्हती.

सहा वाजता मी कपाटाच्या आरशापुढं उभी राहिले आणि साहेबांच्या योजनेतली चूक माझ्या लक्षात आली. आपली मिटलेली पापणी आपल्याला दिसत नाही. एक डोळा मिटून दुसऱ्यानं पाहिलं, तर मिटलेला ताणला जातो आणि घडी पसरते. दोन्हींची तुलना करायची तर दोन्ही मिटायला हवेत. मग बघायला दुसरं माणूस लागतं.

आई स्वयंपाकघरात समईच्या वाती वळत होती. तिथं जाऊन मी दार ओढून घेतलं.

"आई, जरा बघ," मी म्हणाले आणि तिच्यापुढं डोळे मिटले.

मग वातींचं तबक खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय?"

"कारखान्याचं आहे. दोन वेगवेगळे आहेत. कुठला टिकला ते बघायचंय."

"हे काम आहे तुझं?"

"हो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

बाहेर बाबांच्या रेडिओवर बातम्या सुरू झाल्या होत्या. आईचा श्वास माझ्या कपाळावर आला, म्हणजे ती जवळ आली होती. तिनं मला हाताला धरून खिडकीकडं वळवलं, उजेडाच्या बाजूला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"घडीत गोळा झालीय का बघ," मी म्हणाले. "कडा बघ. आणि डोळ्याखाली काही सांडलंय का ते."

"हलू नकोस."

तिनं बोटाच्या टोकानं डावी पापणी हलकेच चाचपली, मग उजवी. हातांना तुपाचा वास होता. मला वाटलं, आता पदरानं पुसून टाकेल आणि बाबांना हाक मारेल.

"डावीची रेघ झालीय. मधे उडालीय," ती म्हणाली. "उजवी आहे तशी आहे. एवढी रडलीस तरी." थोड्या वेळानं म्हणाली, "डोळे उघडू नकोस, थांब. मला अजून एकदा बघू दे."

बाहेरून बाबांनी विचारलं, "अगं, दिवा लावला का? अंधारून आलं."

"लावते," आई म्हणाली. तिचं बोट माझ्या उजव्या पापणीवर होतं. "थांबा जरा. कामात आहे."