मुकादमाचं बारसं

शहाद्याजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळते. तिथल्या सर्व्हरना माझ्या आधीच्या माणसाने कामावरून नावं दिली होती. गाड्यांचं वजन नोंदवणारा 'काटा', गाठींचा हिशेब ठेवणारा 'गोदाम', आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा, कोणी झोपलं की उठवणारा, तो 'मुकादम'. मुकादमाला स्वतःचं शरीर नाही. तो दुसऱ्याच एका मशीनच्या पोटात राहतो आणि तिथून हुकूम सोडतो. टोळ्या घेऊन ऊसतोडीला जाणारे मुकादम आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे हे नाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तर हा मुकादम म्हातारा झाला आणि त्याच्या जागी नवा बसवायचं ठरलं. नवा बसवायचा, पण नाव जुनंच ठेवायचं, कारण बाकीची मशीनं त्याला नावानेच ओळखतात. वेगळ्या नावाने कुणी हुकूम सोडला तर काटा विचारणार, तुम्ही कोण? आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार म्हसावदच्या रस्त्याला लागणार. हे मी शेठना नीट समजावलं. शेठनी नीट मान डोलावली. मग म्हणाले, नवं मशीन आहे, नाव फुई ठेवतील.

फुई म्हणजे शेठची थोरली बहीण. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात आणि बाळाचं नाव ठेवायचा मान तिचा. शेठना दोन मुलं झाली, दोन्ही सुरतेला. पहिल्याच्या बारशाला फुईंच्या सासरी सुतक होतं, दुसऱ्याच्या वेळी तापीला पूर. दोन्ही नावं दुसऱ्याच कुणीतरी ठेवली. फुईंनी 'कन्हैया' हे नाव मनात धरून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. आता भाऊ म्हणाला, हे मशीन मला पोरासारखंच आहे, तू ये. फुई नवी साडी नेसून, डबाभर घुगऱ्या घेऊन तापीकाठच्या गावाहून आल्यासुद्धा. मी शेठकडे पाहिलं. ते म्हणाले, तिला तूच सांग, आणि काट्याकडे निघून गेले.

मला राग आला. नाव बदलणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. तेव्हापासून मार्कशीटवर मी एक बाई आहे, आधारवर दुसरी, आणि बँकेच्या मते या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. बँकेच्या खिडकीशी उभी राहून मी शपथ घेतली होती, की माझ्या हातून कुणाचं नाव बदललं जाणार नाही, मग तो कॉम्प्युटर का असेना.

पण फुईंचं तोंड पाहून 'नाही' म्हणवेना. मग मला पळवाट सुचली. नवा मुकादम तयार होताना जुना शेजारीच चालू असतो. आमच्या मशीनांच्या यादीत एका नावाचे दोघे चालत नाहीत, म्हणून नव्याला तेवढ्यापुरतं वेगळं नाव द्यावंच लागतं. म्हटलं, द्या फुई, पाळण्यातलं नाव द्या.

फुईंनी मशीनचा कान कुठला ते विचारलं. मुकादम ज्याच्या पोटात राहतो त्या मशीनच्या पंख्याची जाळी मी दाखवली. फुई वाकल्या, जाळीला तोंड लावून 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं, आणि रेच्यावरून, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावरून, बोलावलेल्या दोन बायांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले की रॅक हलला. फुईंना पुढे श्री आणि मागे भाई हवं होतं. मी सांगितलं, इथे मधे जागा सोडता येत नाही, तेव्हा साध्या कन्हैयावर तडजोड झाली. मग फुई खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. जुन्याचं सगळं ज्ञान नव्यात उतरत होतं, किती उतरलं ते दाखवणारी पट्टी पुढे सरकत होती आणि फुई तिला मधून मधून घुगऱ्या दाखवत होत्या.

पट्टी भरली. जुना मुकादम बंद झाला, नव्याने त्याची जागा घेतली. लॉगिनच्या पानावर मोठ्या अक्षरात आलं, मुकादम. तिकडे काट्यावर पहिल्या गाडीची पावती निघाली. काट्याला काहीच कळलं नव्हतं, आणि तेच तर हवं होतं. मी खूश होऊन मागे वळले. फुईंचा हात डब्यातच थांबला होता.

"मंग मन्हं नाव गयं?" त्या म्हणाल्या.

मला खूप वाईट वाटलं. वेळ मारून न्यायला काढलेली पळवाट त्यांनी खरी मानली होती. मी काही लपवलं नाही. म्हटलं, फुई, जगाला तो मुकादम म्हणूनच ठाऊक आहे, नाव बदललं तर कुणी ओळखणार नाही. माझंच बघा ना, लग्नात बदललं, अजून निस्तरतेय.

 फुई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुन्हं माहेरनं नाव काय शे, माय?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि माझ्या तळव्यावर घुगऱ्या ठेवल्या.

शेवटचं एकच काम उरलं होतं. बाहेरचं नाव मुकादम झालं, तरी आमच्या घरच्या यादीत तो अजून कन्हैया म्हणूनच होता. नियमाने तेही बदलून दोन्हीकडे एक करायचं असतं. मी नाही केलं. कॉम्प्युटर तपासायला येणारे दरवेळी विचारतात की ही विसंगती का. मी सांगते, ते पाळण्यातलं नाव आहे, आणि पुढच्या प्रश्नाआधी चहा मागवते.

फुई अजून येतात. आधी जाळीशी वाकून कन्हैयाची चौकशी करतात, मग दारातूनच मला माहेरच्या नावाने हाक मारतात. पहिल्या वेळी ती हाक माझ्यासाठी आहे हे मला कळलंच नाही. ओ द्यायला वेळ लागला.