जामिनावर सुटलेल्याचं औक्षण

"ताट असं डावीकडनं उजवीकडं फिरव. घाई नको. आणि पदर डोक्यावर घे, फोटोत बरं दिसतं."

ताईसाहेब मला ओवाळायला शिकवत होत्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत, सगळ्या शिक्षकांसमोर. माझ्या हातात पितळेचं ताट. त्यात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि ताईसाहेबांनी स्वतःच्या बोटातनं काढून ठेवलेली अंगठी. वात पेटवली नव्हती. तालीम होती ही. आरोपीच्या जागी मुख्याध्यापक उभे. कपाळ पुढं करून, मान खाली घालून.

"सर, ओवाळून घेताय तर ओवाळणी टाका की ताटात!" मागनं एक मॅडम म्हणाली. सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले.

ताईसाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्ष. त्यांचा मुलगा, आम्ही त्याला 'धाकटे सर' म्हणायचो, शाळेत स्कॉलरशिपचे जादा तास घ्यायचा. माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या तक्रारीवरनं त्याला पोक्सोखाली अटक झाली. आता जामीन मिळाला होता. रविवारी तो बंगल्यावर येणार, गेटवर फटाके, गळ्यात हार आणि दारात औक्षण. संकटातनं सुटून आलेल्या माणसाला उंबऱ्यात ओवाळायची आमच्याकडं रीत आहे. दवाखान्यातनं घरी आलेल्याला ओवाळतात. सुट्टीवर आलेल्या जवानाला ओवाळतात. आता ह्याला.

मी विचारलं, "घरात बायका आहेत. मीच कशाला?"

ताईसाहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, "पोरगी तुझ्या वर्गातली. तिच्या बाईनंच ओवाळलं म्हटल्यावर गाव काय समजायचं ते समजेल."

मी ताट टेबलावर ठेवलं.

"ठेवतीस काय? उचल. आमच्या उसाच्या पाचटातनं उचलून तुला खुर्चीत बसवलीय. तुझा बाप अजून आमच्याच बांधावर झोपतोय, विसरू नको."

खोलीत कुणी हसलं नाही आता. तासाची घंटा झाली. मी वर्गावर गेले.

माझा बाप मंद्रूपला ह्यांच्या रानात सालगडी. मी ह्यांच्या उसाच्या बांधावरच्या पत्र्याच्या खोलीत जन्मले, हे खरं. पण खुर्चीत मला कुणी बसवलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, बी.एड. झाले, पहिल्या वर्गात. मुलाखतीला मराठीचा पाठ घेऊन दाखवला तेव्हा ह्याच मुख्याध्यापकांनी बाक वाजवला होता. ती खुर्ची माझी आहे. मी ती अभ्यास करून घेतलीय, आणि हे सांगताना मला कसली लाज वाटत नाही.

आता पोरीचं. सहावीत होती. विडी वळणाऱ्या बाईची लेक, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हींत तोंडाची फटकळ. अचानक बोलायची बंद झाली. जादा तासाच्या दिवशी पोट दुखतंय म्हणायची. मी तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे. पोलिसांना मी ते सांगितलंय. तिच्या आईला घेऊन ठाण्यात मीच गेले होते. मी त्या खटल्यातली साक्षीदार आहे.

म्हणून ताट माझ्या हातात. मला कामावरनं काढलं असतं तर मी उघड वैरी झाले असते. त्यापेक्षा ठेवून घेऊन वाकवलं, फोटो काढला, की झालं. साक्ष कोर्टात द्यायच्या आधीच उंबऱ्यात मेली असती.

जामीन झाला त्या दिवसापासनं सोलापुरात दुसरा विषय नव्हता. नवी पेठेत साडी बघता बघता बायका जजवर बोलत होत्या. रिक्षावाला मागं वळून विचारायचा, "मॅडम, किती खाल्ले असतील ओ जजनं?" आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दिवसभर तेच. एक गट म्हणायचा, निर्दोष सुटला, पोरगी खोटारडी. दुसरा गट म्हणायचा, जज विकला, ह्याला भर चौकात लटकवा. जजची जात शोधून काढली लोकांनी. सासर कुठलं, पोरं कुठं शिकतात, तेही. पोरगी शाळेत येते का, जेवते का, हे एकानंही विचारलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "जामीन म्हणजे निर्दोष नाही. खटला अजून चालायचाय." दोन्ही गटांनी मला शिव्या दिल्या. ती एक गोष्ट तेवढी त्यांनी मिळून केली.

आदेशातलं एक वाक्य सगळीकडं फिरत होतं. आरोपी प्रतिष्ठित घरातला आहे, समाजात त्याची मुळं आहेत, पळून जाण्याची शक्यता नाही. ते वाचून मला जजचा राग आला नाही. मला आमचे काका आठवले.

बापाचा धाकटा भाऊ. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हमाल होता. तांब्याची तार चोरली म्हणून धरला. चोरली का नाही, मला माहीत नाही. जामीन त्यालाही मिळाला होता. पण कागदावर. जामीनदार पाहिजे, त्याच्या नावावर जमीन पाहिजे. आमच्यात कुणाच्या नावावर कुंडीभर मातीसुद्धा नव्हती. बाप मला बोटाला धरून ताईसाहेबांच्या ह्याच बंगल्यावर घेऊन आला. बारकी होते मी. आम्ही चपलांजवळ बसलो. आत गेलेला गडी बाहेर येऊन म्हणाला, "ताईसाब म्हणत्यात, आमचं नाव असल्या कामाला वापरायचं नसतं." आणि माझ्या हातात एक केळं दिलं. बापानं त्या केळ्याकडं बघून हात जोडले. केळ्यासाठी. काका पावसाळा काढून, हिवाळा काढून, आत राहिले. बाहेर आले तेव्हा बोलायचे नाहीत कुणाशी. दारात कुणी ओवाळलं नाही त्यांना. आजीनं नुसती भाकरी पुढं सरकवली.

मुळं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही त्यांच्याच रानात पिढ्या घातल्या, पण मुळं त्यांची.

तालमीच्या संध्याकाळी बापाचा फोन आला. त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं.

"बाय, ओवाळ की. ताट फिरवायला हात झिजत्यात व्हय?"

"आबा, मी न्हाई ओवाळणार."

"तुला शाळा हाय. आमाला ह्यो पत्रा हाय. आनिक काय हाय आमाला? तुजी आई म्हनती, डोळं मिटून ओवाळ अन् ये."

"आबा, काकाच्या येळंला कोन उभं राहिलं?"

"त्ये कशाला काढतीस आता," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्यावर मी चिडले नाही. वाकलेल्या माणसाला लोक समजूतदार म्हणतात, आणि माझा बाप लई समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरीची आई गेटवर आली. कारखान्यात विड्या देऊन तशीच आलेली, लुगड्याला तंबाखूचा वास. वॉचमननं तिला आत सोडलं नाही. ह्याच वॉचमनच्या पोरांच्या फिया माफ आहेत, त्यालाही काय बोलायचं? मी बाहेर गेले.

"टीचर, दाखला काढून द्या. पोरीला माझ्या थोरल्या अक्काकडं धाडते."

"वर्ष वाया जाईल हो तिचं. चार महिने थांबा."

"गल्लीत पोरं फोन दाखवतेत टीचर. तू खोटी, कोरटानं सोडला बघ, म्हनतेत." मग ती माझ्याकडं बघायला लागली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "एक विचारू? तुमी त्याला ओवाळनार म्हनतेत. खरं हाय?"

"कोण म्हणतं?"

"समदी गल्ली म्हनतीया. टीचर, माझी पोरगी बापाला नाय बोलली. मला बी नाय बोलली. तुमालाच बोलली. तुमी ओवाळलं, तर ती कुनाला बोलली म्हनायचं?"

मी फक्त "नाही ओवाळणार" म्हणाले. तिनं मान हलवली. विश्वास बसला नव्हता. का बसावा? शिकलेल्या बायका काय काय करतात, हे तिनं आमच्यापेक्षा जास्त बघितलंय.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. ताईसाहेब खुर्चीत. टेबलावर हिरवी साडी. "उद्या ही नेस," म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटांचं काम. कुंकू लावायचं, ओवाळायचं, बाजूला व्हायचं. देव तरी कुठं विचारतो कोण ओवाळतंय?"

मी बसले. मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी ओवाळणार नाही. आणि उद्याच काय, कधीच नाही. मी त्या खटल्यात साक्षीदार आहे. जामीन देताना कोर्टानं अट घातलीय, साक्षीदारावर दबाव आणायचा नाही. ठाण्यातल्या मॅडमनी मला ते समजावून सांगितलंय. तुम्ही आता जे करताय, तो दबाव आहे. मी इथनं ठाण्यात जाणार आणि हे सगळं लिहून देणार. ताटापासनं साडीपर्यंत."

ताईसाहेब हसल्या. खरंच हसल्या. "अगं, तुझं ऐकतंय कोण?"

"ज्या कोर्टानं तुमच्या मुलाला सोडलं, तेच."

"सालगड्याची पोर आणि कोर्ट सांगतीया मला!"

"व्हय. सालगड्याचीच."

साडी तिथंच ठेवून उठले. मी सरळ ठाण्यात गेले आणि जबाब दिला.

पुढं काय झालं? जे होतं तेच. रविवारी औक्षण झालंच. ओवाळणी टाका म्हणून हसणाऱ्या त्या मॅडमनं हिरवी साडी नेसून ओवाळलं. फोटो फिरले, खाली ओळ होती, 'शिक्षिकांनी केले जल्लोषात स्वागत'. सोमवारी माझा वर्ग काढून घेतला. मला प्रयोगशाळेत बसवलंय, मोडक्या तराजूंच्या आणि बेडकांच्या बाटल्यांच्या सोबतीला. त्याच आठवड्यात आबांना खोली सोडायला सांगितली. आता आई-आबा माझ्या भाड्याच्या एका खोलीत आहेत. आबा दिवसभर दाराकडं तोंड करून बसतात आणि मला अजून म्हणतात, "ताट फिरवलं असतंस तर?" पोरगी अक्काकडं गेली. तिला मी थांबवू शकले नाही.

मोर्चावाल्या बायकाही येऊन गेल्या. चांगल्या घरच्या, चांगल्या मराठीत बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुम्ही स्टेजवर या. त्या जजला उघडं पाडा. पोरीच्या आईलाही आणा, चेहरा झाकू आपण." मी नाही म्हणाले. त्यांना राग आला. एक म्हणाली, "मग तुमच्यासारख्यांसाठी आम्ही कशाला रस्त्यावर उतरायचं?" तुमच्यासारख्या. हा सूर मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाला.

त्यांना मी जे सांगितलं तेच इथं सांगते. जामीन दिला म्हणून मी जजला शिव्या देणार नाही. खटला संपेपर्यंत माणसाला बाहेर ठेवायचा कायदा आहे, तर तो माझ्या काकालाही मिळायला पाहिजे होता. तो कायदा मला नको नाहीये. तो सगळ्यांना पाहिजे. मला नकोय तो हार. मला नकोत ते फटाके. आणि ते गाव मला नकोय, जे सुटलेल्याला उंबऱ्यात उभं करतं आणि सांगणाऱ्या पोरीला गल्ली सोडायला लावतं.

अटी मोडल्या म्हणून जामीन रद्द करावा, असा सरकारी वकिलांनी अर्ज केलाय. सुनावणी व्हायची आहे. रद्द होईल, न होईल. मी त्यावर काही बांधून ठेवलेलं नाही. मुख्य खटला उभा राहील तेव्हा समोरचा वकील मला सोलून काढणार, हे मला माहीत आहे. कुणाच्या जीवावर शिकलात, संस्थेवर राग कशाचा, पोरीला पढवलं कुणी, सगळं विचारणार. विचारू दे. तोपर्यंत नोकरी असेल, नसेल. समन्स ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी जाणार. पोरगी माझ्याशी जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगणार, एकही शब्द मऊ न करता. आणि तो आरोपीच्या जागी समोर बसलेला असेल, तेव्हा त्याच्याकडं बघून सांगणार.