हात पाहून कुत्रं देणारी चाची

"हात ढिला सोड, बाई. कडक धरला तं बांगडी फुटते अन् बोल माह्यावर येते."

असं म्हणत ती समोरच्या बाईचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी जरा दाबायची, आणि बघता बघता बांगडी मनगटावर गेलेली असायची. तुमच्या घरी मन्यारीण येत असेल तर एवढं तुम्हीही पाहिलं असेल. पण आमच्या चाचीचं पुढचं काम तुम्ही पाहिलेलं नाही. बांगड्या भरून झाल्या तरी ती हात सोडत नसे. तळवा उलटा करायची, बोटं चाचपायची, आणि मनाला पटलं तर हळूच विचारायची, "कुत्रं पाहिजे का वं?"

मी तेव्हा लोणार तालुक्यातल्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो. परिचर म्हणजे डॉक्टर नव्हे, हे मी चाचीला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, "सुई तू देतो ना? मंग डॉक्टर तूच." डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोन दिवस यायचे. बाकीचे दिवस मी आणि गुरं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला कुत्री आवडत नसत. लहानपणी एकानं पोटरी फोडली होती, तेव्हापासून आमचं जमलं नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यावर बांगड्यांची पेटी होती आणि काखेत पोतं. पोत्यातून कण्हण्याचा आवाज येत होता. कंडक्टरनं गाडीत घेतलं नव्हतं, म्हणून फाट्यापासून चालत आली होती. तिनं पोतं माझ्या टेबलावर, रजिस्टराच्या अगदी शेजारी ठेवलं.

मी भडकलो. "चाची, हा जनावरांचा दवाखाना हाये. गाई-म्हशींचा!"

"अन् हे काय झाड हाये?" ती म्हणाली.

कुत्र्याच्या जखमेत अळ्या वळवळत होत्या. मी टर्पेंटाईनची बाटली काढली.

काळ कसा होता ते थोडं सांगायला हवं. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा पहिली एक-दोन वर्षं पऱ्हाटी अशी लागली की माणसं शेताकडे बघून हसायची. मग हळूहळू ते हसू गेलं. कुणी बैल विकले, कुणी शेत मक्त्यानं दिलं आणि पोराबाळांसकट पुण्याकडे, सुरतेकडे कामाला गेलं. जाताना भांडी नेली, अंथरुणं नेली. कुत्र्याला कोण नेतो? शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, बांधलेली कुत्री तशीच खुंट्याला राहिली. कुणी म्हणायचं शेजारी बघेल. शेजारीही गेलेला असायचा.

चाची बांगड्या घेऊन गावोगाव फिरायची, त्यामुळे तिला ही कुत्री दिसायची. पाऊलवाटेनं जाताना साखळीचा आवाज आला की ती पेटी बांधावर ठेवून आत शिरायची. तिच्या गाठोड्यात नवऱ्याचा एक जुना सदरा असे, कुत्र्याची लाळ लागली तर नमाज होत नाही म्हणून तो साडीवरून चढवायची. घरी जाऊन अंघोळ, मग नमाज. कुत्रं मात्र तिनं आपल्या घरी एकही ठेवलं नाही. "घरात नमाजाची जागा हाये," ती सांगायची, "अन् पोरगा चिडते. तो चिडला तं चुकीचा नाही अन् मी बी चुकीची नाही." एवढी समजूत मी शिकलेल्या माणसांत फार पाहिली नाही.

म्हणून प्रत्येक कुत्र्याला दुसऱ्याचं घर शोधणं भाग होतं. आणि तिथं चाचीचा कायदा सोयरीक जुळवणाऱ्यापेक्षा कडक. घरधन्याशी ती बोलायचीच नाही. "भाकर कोन थापते? बाई थापते. मंग मी माणसाले काऊन इचारू?" तिचं म्हणणं असं, की तीस वर्षं बायकांचे हात धरत आलेली मन्यारीण तोंडाकडे बघून फसेल, हाताकडे बघून फसणार नाही. राकट हात बघून घाबरायचं नाही. पण बांगडी भरताना जी बाई दुखलं म्हणून चाचीचा हात झटकते, तिला कुत्रं नाही.

एकदा मात्र ती फसली. एका बऱ्या घरची सून, हात लोण्यासारखा, चाची भुलली आणि पिल्लू देऊन बसली. पंधरा दिवसांनी गेली तर पिल्लू गच्चीवर उन्हात बांधलेलं, पाण्याचं भांडं पालथं. तिनं तिथल्या तिथं पिल्लू उचललं, जिना उतरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बाई, तुह्या बांगड्या पुढच्या सणाले दुसऱ्याकून भर." गिऱ्हाईक गेलं. नंतर माझ्याकडे येऊन स्वतःवरच चिडली होती. "हात मऊ होता, भाऊ. भाकरी थापल्याच नव्हत्या त्या हातानं. माह्या ध्यानात काऊन नाही आलं?" मी म्हटलं, "चुकते माणूस." तर माझ्यावरच उखडली, "माणूस चुकते, भोगते कुत्रं!"

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

एका हिवाळ्यात तिनं आखाड्यावरून एक मोठं तांबडं कुत्रं सोडवून आणलं. पिल्लू असताना बांधलेली साखळी कुणी सैल केली नव्हती. कुत्रं वाढलं आणि साखळी मानेच्या मांसात गेली. अळ्या पडल्या होत्या. मी दोन तास ती साखळी काढत होतो आणि त्या दोन तासांत त्या जनावरानं मला एकदाही दात लावला नाही. तेव्हा पोटरीचा हिशेब मी मनातल्या मनात मिटवला.

जखम भरत आली. पण गळ्याभोवती केस नसलेलं कडं, एक कान फाटका. कोण घेणार? चाची म्हणाली, "घर हाये. गाडी काढ." माझ्या मोटारसायकलवर पुढे मी, मध्ये पोत्यात कुत्रं, मागे पेटी घेऊन चाची. रस्त्यानं माणसं विचारत होती, "काय डॉक्टर, वरात कोनाची?"

घर सुलतानपूरच्या बाजूला. सासू आणि सून, दोघीच. सुनेचा नवरा वर्षापूर्वी गेला होता. कसा गेला ते त्या वर्षांत आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नसे. अशा घरावरून मन्यारीण पाऊल न वाजवता पुढे जाते, ही रीत आहे. सासू ओट्यावरूनच म्हणाली, "चाची, आता तुमचं इथं काय काम?"

"काम नसलं तं पाणी बी देत नाही का?"

सून पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर. बोलायची तेही ओठांतल्या ओठांत.

"हात दे," चाची म्हणाली.

"मले आता नाही भरत, चाची."

"भरते कोन म्हणते? दे तं."

तिनं पदराखालून तो मोकळा हात ओढून घेतला. बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेला, नखांत काळं. चाची तो धरून बसली. इतका वेळ धरून बसली की मला अवघडायला झालं, मी कुत्र्याचं पोतं सोडायला लागलो. शेवटी ती म्हणाली, "हे कुत्रं हिले देते मी."

"खाईन काय ते?" सासू.

"तुमी दोघी खाता तेच. थोडं कमी."

मी चार-चार दिवसांनी मलम लावायला जायचो. सुनेनं त्याला नाव ठेवलं नव्हतं. "अरे" म्हणायची आणि ते यायचं. एका फेरीला मी दारापर्यंत पोहोचलो तर आतून आरडाओरडा. मी घाबरलो. तर ती कुत्र्यावर ओरडत होती, दुधात तोंड घातलं म्हणून. सासू मला म्हणाली, "ओरडू द्या. वर्षभरात पहिल्यांदा आवाज निघाला तिचा." आणि म्हातारी डोळे पुसत आत गेली.

असं जवळपास वर्ष गेलं. मग कापूस फुटायच्या दिवसांत एक माणूस दवाखान्यात आला. "माह्या कुत्र्याले तुमी सुई देल्ली म्हणते. कुठं हाये ते? शेतात डुकरं लय झाली."

त्या साखळीचा मालक. वर्षभर मी या माणसाला मनात शिव्या दिल्या होत्या. आता समोर उभा होता, तर मी काय केलं? पत्ता सांगितला. भीतीनं म्हणा, सरकारी नोकरीतल्या सवयीनं म्हणा, सांगून टाकला. तो गेला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पोरीचं कुत्रं जाणार होतं, आणि त्याच्यामागे ती पुन्हा पदराखाली जाणार होती. आणि हे मी केलं होतं.

चाची शेजारच्या आळीत बांगड्या भरत होती. मी तिला गाठून खरं ते सांगितलं. वाटलं, गच्चीवाल्या बाईसारखी माझीही खरडपट्टी निघणार. ती एवढंच म्हणाली, "सांगतलं तं सांगतलं. गाडी काढ."

आम्ही पोहोचलो तेव्हा तो अंगणात दोर घेऊन उभा होता. कुत्रं बाजेखाली. सासू हात जोडत होती, "घेऊन जाय बाप्पा, आम्हा बायांच्या घरी भांडण नको." सून दारात, पदर डोक्यावर, हात आत.

तो माणूस आम्हाला बघून म्हणाला, "मी काय मारून टाकायले बांधलं होतं का त्याले? भावाले सांगून गेलो होतो, पाणी टाकजो म्हणून. महिन्यानं भाऊ बी कामाले गेला."

चाची त्याच्यापाशी गेली आणि त्याचा हात धरला. तो बावचळला. कुठली मन्यारीण पुरुषाचा हात धरते? सिमेंटनं बोटांची कातडी सोलून गेली होती, भेगांत पांढरं भरलं होतं. तिनं ते सगळं नीट पाहिलं. "हात वाईट नाही तुहा," ती म्हणाली. "पन साखळी याच हातानं बांधली. भावानं नाही बांधली." तो खाली बघायला लागला.

मला वाटलं, आता ही त्याला हाकलणार. पण चाची सुनेकडे वळली. "बाई, कुत्रं तुहं हाये. बोलनं तुले लागते. मी नाही बोलत." आणि पेटीवर जाऊन बसली.

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आणि नेमकी आत्ता गप्प! मी मध्ये तोंड घालणार तर तिनं नुसतं डोळ्यांनी मला दाबलं.

सून पायरी उतरली. परक्या पुरुषासमोर अंगणात ती नवरा गेल्यापासून आली नसेल. बाजेशी वाकली. दोन्ही हात पदराबाहेर आले आणि तिनं कुत्र्याच्या गळ्याला मिठी घातली, त्या बिनकेसाच्या कड्यावरच.

"नाही देत," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, म्हणून परत म्हणाली, "माह्या घरचं हाये. नाही देत म्हणजे नाही देत!"

शेजारच्या दोन बाया कुडावरून बघत होत्या. आणि जी सासू घटकेपूर्वी हात जोडत होती, ती म्हातारी ताठ उभी राहिली. "ऐकलं ना? सून नाही म्हणते."

त्यानं दोर गुंडाळला. खरं सांगायचं तर मला त्याचीही दया आली. तो फाटकापर्यंत गेला तेव्हा चाचीनं हाक मारली, "काऊन रे, बायको आली का संगं? आण तिले बाजाराच्या दिवशी. हात पाहू दे. हात पटला तं पिल्लू देते. पन मोकळं ठेवजो." बायको आली, हात पटला, पिल्लूही गेलं. पुढे त्या पिल्लाला पिसाळण्यावरची सुई टोचून घ्यायला तोच माणूस स्वतः त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे आला होता.

चाची त्यानंतर चार-पाच वर्षांनी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. चाचीची स्वतःची सून आता पेटी घेऊन फिरते. हात चांगला आहे तिचा, बांगडी फोडत नाही. कुत्र्याचं मात्र विचारत नाही, आणि तिनं का विचारावं? मला मात्र पुढे कित्येक दिवस दवाखान्याच्या दारात सावली पडली की वाटायचं, आली पोतं घेऊन. फार चुकल्यासारखं व्हायचं. असं मला सख्ख्या नात्यातल्या माणसांबद्दलही झालेलं नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी ती सुलतानपूरकडची सून घरी आली. आता चांगली चाळिशीकडे झुकलेली, खणखणीत बोलणारी बाई. ओट्यावर बसली, चहा घेतला. तांबडं कुत्रं म्हातारं होऊन गेल्याचं सांगितलं. सासूनं आणि तिनं मिळून बांधावर पुरलं होतं. सांगताना रडली आणि रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "एखादं सोडलेलं कुत्रं असलं तं पाहा ना, डॉक्टर. घर खायले उठते."

मी म्हटलं, "बाई, ते चाचीचं काम. मी आपला सुया देणारा माणूस. मले हात पाहता येत नाही."

"आमचा काऊन पाहता?" ती म्हणाली. "आमचा तं चाचीनं पाहून ठेवला हाये."

मी उठलो आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.